अरगॉनच्या शेजारचं पोटॅशियम

मी नोकरीला लागले तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. माझी शाळा लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या पुढं एका खेड्यात होती. भूकंपानंतर ते गाव जुन्या जागेवरून उठून अर्धा कोस अलीकडं माळावर आलं होतं. एकसारखी सिमेंटची घरं, सरळ रस्ते, आणि सावलीला झाड नाही. लावलेली लिंबं अजून माणसाच्या खांद्याला लागत नव्हती. शाळेची इमारतही नवीच होती. सहा खोल्या आणि पुढं लांबलचक व्हरांडा.

मी तुळजापूरची. वडील कचेरीत कारकून. घरात विज्ञान शिकलेली मी पहिलीच. सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघायचं, आठवडाभर गावात एका खोलीत राहायचं आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की परत घरी. तेवीस वर्षांची होते. मुलं मला मॅडम म्हणायची, आणि दरवेळी मला वाटायचं, मागं कुणी दुसरं उभं आहे.

नववी-दहावीला विज्ञान माझ्याकडं होतं. आवर्तसारणीचा धडा जवळ आला आणि कपाटातला तक्ता काढला, तर वाळवीनं त्याचा उजवीकडचा भाग खाऊन टाकलेला. तो तक्ता घेऊन मी हेडमास्तरांकडं गेले. ते म्हणाले, व्हरांड्याची भिंत रिकामीच आहे, वरून बोलक्या भिंती करा म्हणून पत्रही आलंय, तर तिथंच रंगवून घेऊ. लोहाऱ्याहून एक पेंटर येणारच होते सुविचार लिहायला. त्यांनाच हे काम सांगितलं.

ते सायकलवर आले. मागच्या कॅरिअरला रंगाच्या डब्यांची पेटी, दांड्याला बांधलेली छोटी शिडी. वय पन्नाशीच्या आसपास, पांढरी टोपी, सदऱ्याच्या बाहीवर सगळ्या रंगांचे ठिपके. मुलं त्यांना पेंटरचाचा म्हणायची, मग मीही तेच म्हणू लागले. त्यांचं उर्दू आणि मराठी दोन्ही अक्षर बघत राहावं असं होतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मॅडम, इंग्रजी मी वाचत न्हाय, काढतो. चित्र काढल्यागत. तुम्ही मागं बसून नजर ठेवा."

मग मी पुस्तकातला तक्ता मोठ्या कागदावर उतरवून दिला. अठरा उभ्या ओळी, सात आडव्या, आणि खाली वेगळ्या दोन पट्ट्या. प्रत्येक घर एक फुटाचं. घरात मूलद्रव्याचं चिन्ह, मराठी नाव, वर अणुअंक आणि खाली अणुभार. सुतळी निळीत बुडवून, दोन टोकांना दोन मुलं धरून, ते मधेच बोटानं उचलून सोडायचे. फट असा आवाज व्हायचा आणि भिंतीवर निळी रेघ उमटायची. पहिला दिवस रेघांतच गेला. टर्पेंटाइनचा वास माझ्या वर्गात यायचा. आजही कुठं ताजा ऑइल पेंट लावलेला असला की मला तो व्हरांडा आठवतो.

घरं आखून झाल्यावर त्यांनी विचारलं, रंग कोणकोणते द्यायचे. मी म्हटलं, कोणतेही द्या, फक्त एका कुटुंबाला एक रंग. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "कुटुंब म्हंजे?"

मी सांगितलं की एका उभ्या ओळीतली मूलद्रव्यं एकमेकांसारखी वागतात. ते म्हणाले, मग कोण कसं वागतं ते सांगा, त्याच्यावरनं रंग ठरवू. मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. पहिल्या ओळीतले अल्क धातू, मऊ, हलके, अत्यंत क्रियाशील. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, धातू आन मऊ?"

हे दाखवायलाच हवं होतं. शाळेच्या कपाटात रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियमचा एक तुकडा बाटलीत होता. मी स्वतः तो कधी हातानं कापला नव्हता. कॉलेजात सरांनी लांबून दाखवला होता तेवढाच. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गाला मैदानात लांब, वारा पाठीमागून येईल असं उभं केलं, घमेल्यात पाणी घेतलं, त्यात अल्क लागला की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे चार थेंब टाकले. चिमट्यानं सोडियम काढून टिपकागदावर ठेवला आणि सुरी लावली. भूमच्या खव्यात जावी तशी सुरी आत गेली. कापलेली बाजू चांदीसारखी चमकली आणि बघता बघता मळली. मुगाच्या डाळीएवढा तुकडा पाण्यात सोडला. तो गोळा होऊन पाण्यावर सुसाट पळायला लागला, सूं सूं करत, आणि त्याच्या मागं गुलाबी रेघ पसरत गेली. शेवटी चट्ट करून विझला. सगळं पाणी गुलाबी झालं होतं.

मुलं ओरडली. पेंटरचाचा व्हरांड्यात परत गेले आणि पहिल्या ओळीसाठी लाल रंगाचा डबा उघडला. सगळ्यात वरचं हायड्रोजनचं घर तेवढं त्यांनी सोडलं, कारण तो धातू नाही असं मी सांगितलं होतं. त्याला नंतर फिकट निळा दिला. म्हणाले, पाहुणा हाय, घरचा रंग नको.

त्यानंतर रोज दुपारच्या सुट्टीत आमचा हाच कार्यक्रम. मी डबा खाता खाता एकेका कुटुंबाचं सांगायची आणि ते रंग ठरवायचे. दुसरी ओळ मॅग्नेशियम-कॅल्शियमची. पहिलीइतकी भडक नाही, पण गप्पही बसणारी नाही. चुन्यात कॅल्शियम असतं म्हटल्यावर ते म्हणाले, कळीचा चुना पाण्यात टाकला की कसा फसफसतो ते मला सांगू नका, माझे हात पोळलेत त्यानं. तिला नारिंगी मिळाला. मधल्या मोठ्या पट्ट्यातले धातू कठीण, जड, उशिरा वितळणारे, आणि त्यांची संयुगं रंगीत. हे ऐकल्यावर त्यांनी आपली पेटी माझ्यासमोर आणून ठेवली आणि एकेका डब्यावर बोट ठेवून विचारत गेले. मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. पांढऱ्यात टायटॅनियम किंवा जस्त, गेरूत लोखंड, त्या जुन्या पिवळ्यात क्रोमियम, महागड्या निळ्यात कोबाल्ट. शेंदरात शिसं, ते मात्र उजवीकडं लांब. चंदेरीत ॲल्युमिनियम, तेही उजवीकडंच. ते पेटीकडं आणि भिंतीकडं आळीपाळीनं बघत राहिले.

"म्हंजे तीस वर्सं मी ह्याच मधल्या घरांवर पोट भरलं," ते म्हणाले. त्या पट्ट्याला त्यांनी पिवळा दिला, आणि तांबं, चांदी, सोनं ही घरं एकाखाली एक आहेत हे बघून त्यांच्या कडा जाड केल्या. नाणी आणि दागिने एकाच ओळीत का, हे मुलांना त्या जाड कडांवरून कायमचं लक्षात राहिलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी काम अडलं. मी दहावीचा तास घेत होते. सुट्टीत बाहेर आले तर ते शिडीवर नव्हते. खाली माझा कागद मांडीवर घेऊन बसले होते.

"मॅडम, हितं चुकलंय," ते म्हणाले. "अणुभार डावीकडनं उजवीकडं वाढत जातोय. पर हे बघा. अरगॉन येकोणचाळीस पूर्णांक नऊ. त्येच्या पुढचं पोटॅशियम येकोणचाळीस पूर्णांक येक. जड आधी आन हलकं मागनं."

मी पुस्तक उघडलं. पुस्तकातही तसंच होतं. ज्या तक्त्याची मी चाल लावून पाठांतरं केली, पेपरात पैकीच्या पैकी मार्क घेतले, त्यात हे मला कधी दिसलं नव्हतं. मी म्हटलं, पुस्तकात आहे तसं लिहा. त्यांनी विचारलं, पण तसं का? मला येत नव्हतं. आणि ते कबूल करायची लाज वाटली म्हणून मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "चाचा, तुम्हाला काय करायचंय? दिलंय ते उतरवा."

त्यांना राग आला नाही. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

भूकंपानंतर नवी गावं उभी राहिली तेव्हा आसपासच्या कितीतरी घरांच्या दारांवरचे नंबर त्यांनी लिहिले होते. एका गावानं गेलेल्या माणसांच्या नावांचा दगड करायचा ठरवला. अक्षरं यांनी काढायची आणि पाथरवटानं कोरायची. यादी हातात मिळाली. प्रत्येक नावापुढं वय होतं. एका बाईच्या नावापुढंच नव्हतं. नवऱ्याच्या पुढं होतं, दोन्ही पोरांच्या पुढं होतं, तिच्याच पुढं कोरं. चाचांना ते दिसलं. विचारावं असं वाटलंही. पण इतक्या दुःखात एका आकड्यासाठी कुणाला विचारायचं म्हणून ते गप्प राहिले आणि नाव काढून दिलं. दगड उभा राहिला. काही महिन्यांनी ती बाई सोलापूरच्या दवाखान्यातून परत आली. पायात सळई होती. दगडापाशी गेली, आपल्या माणसांची नावं वाचत आली, आणि आपलंही वाचलं. तेव्हा चाचा शेजारच्याच देवळाची पाटी रंगवत होते. कुणीतरी तिला यांच्याकडं बोट दाखवलं.

"मला वाटलं शिव्या देईल," चाचा म्हणाले. "तिनं येवढंच म्हटलं, अक्षर चांगलं काढलंय."

पाथरवटाला आणून ते नाव त्यांनी घासून काढलं. पण दगड तेवढ्यापुरता खोल गेला तो गेलाच. सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. रंगाच्या डब्याचं झाकण बोटांनी फिरवत होते. मग म्हणाले, "भिंतीवर लिव्हलेलं लोक खरं धरतात, मॅडम. तुम्ही इचारून या. तवर मी सुविचार लिव्हतो."

शनिवारी मी तुळजापूरला गेले ती थेट माझ्या जुन्या सरांकडं. ते देवीच्या पुजारी घराण्यातले, पण त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन मंदिराच्या मागच्या गल्लीत राहत होते. अंगणात सुपारी कातरत बसले होते. मी प्रश्न सांगितला. त्यांनी विचारलं, हा तुला पडला का? मी खरं ते सांगितलं. अडकित्ता बाजूला ठेवून ते हसले, पण माझ्यावर नाही. त्यांना आनंद झाला होता.

त्या दुपारी मी पहिल्यांदा आवर्तसारणीची गोष्ट ऐकली. कॉलेजात तिची फक्त व्याख्या ऐकली होती. सर म्हणाले, रशियात एक रसायनशास्त्राचा मास्तर होता. त्याला आपल्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहायचं होतं, आणि साठाच्या वर मूलद्रव्यं कोणत्या क्रमानं मांडावीत हे त्याला सुचेना. त्याच्याआधी एका जर्मनानं तिघातिघांची टोळकी पाडून पाहिली होती. एका इंग्रजानं सप्तकासारखं दर आठवं मूलद्रव्य सारखं वागतं असं सांगितलं, तर सभेत लोक त्याला हसले. या मास्तरानं म्हणे एकेका मूलद्रव्याचं कार्ड केलं आणि पत्ते लावावेत तशी ती लावून बघितली. वजनानं ओळीत, स्वभावानं एकाखाली एक. जिथं स्वभाव जुळेना तिथं त्यानं घर रिकामं सोडलं आणि लिहून ठेवलं, इथला अजून सापडायचाय, तो असा असा असेल. ॲल्युमिनियमच्या खालचा धातू काही वर्षांनी फ्रान्समध्ये सापडला. गॅलियम, हातावर ठेवला की वितळणारा. शोधणाऱ्यानं त्याची घनता मोजली ती मास्तरानं सांगितलेल्या आकड्याशी जुळेना. मास्तरानं त्याला कळवलं, धातू शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, तर मास्तरच बरोबर निघाला.

"पण टेल्युरियम आणि आयोडीनपाशी तोही अडला," सर म्हणाले. "वजनानं आयोडीन आधी यायला हवं. स्वभावानं ते क्लोरीन-ब्रोमीनच्या खालीच शोभतं. त्यानं स्वभावावर विश्वास ठेवला, अदलाबदल केली, आणि म्हणाला, वजनं चुकीची मोजली असतील. वजनं बरोबरच होती. त्यानं जागा बरोबर दिली, कारण चुकीचं दिलं."

खरं कारण पुढं एका तरुण इंग्रज संशोधकानं क्ष-किरण वापरून दाखवलं. मूलद्रव्याची जागा वजनावर ठरत नाही, अणूच्या केंद्रातल्या प्रोटॉनच्या संख्येवर ठरते. अरगॉनचा नंबर अठरा, पोटॅशियमचा एकोणीस. सरांच्या भाषेत सांगायचं तर हजेरीपटात मुलं वजनावर बसत नाहीत. तो संशोधक थोड्याच दिवसांत महायुद्धात मारला गेला, असंही सरांनी सांगितलं. मग उठून पुस्तक आणलं आणि म्हणाले, अशा तीन जोड्या आहेत, त्यांना सांग. अरगॉन-पोटॅशियम, कोबाल्ट-निकेल, टेल्युरियम-आयोडीन.

सोमवारी मी एसटीतून उतरले ती पळतच शाळेत. चाचा आलेले होते. मी सगळं सांगितलं. त्याआधी, त्या दिवशी माझा आवाज चढला ते चुकलं, असं मी म्हणाले. त्यांनी ते हातानं उडवून लावलं. तीन जोड्यांचं ऐकल्यावर मात्र म्हणाले, "तीन न्हाईत, चार हायेत." शनिवार-रविवारी त्यांनी कागदातला एकेक आकडा तपासला होता. कंसातले सोडून, कारण ते पक्के नसतात असं मी आधी सांगितलं होतं. खालच्या वेगळ्या पट्टीत थोरियम दोनशे बत्तीस, आणि त्याच्या शेजारी प्रोटॅक्टिनियम दोनशे एकतीस.

मी सरांना कार्ड टाकलं. पुढच्या आठवड्यात ते स्वतः आले. सत्तरीचा माणूस, नळदुर्गला गाडी बदलून, हातात कापडी पिशवी. व्हरांड्यात उभे राहून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. रंगकाम संपत आलं होतं. चाचा शिडीवरून उतरले, हात पुसून आदाब केला आणि रंगवताना हात टेकवायच्या काठीनं ती चौथी जोडी दाखवली. सरांनी चष्मा वर करून आकडे पाहिले.

"मी तीस वर्षं हे शिकवलं," ते म्हणाले. "मला तीनच ठाऊक होत्या."

चाचांनी मान खाली घातली. सरांनी त्यांचा रंगानं माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दोघं पायरीवर बसले. सरांनी पिशवीतून देवीचा प्रसाद काढून दिला, मी घरून आणलेले धपाटे वाढले, आणि सर दुपारभर चाचांना निजामाच्या काळातल्या शाळांच्या गोष्टी सांगत बसले. सरांची चौथीपर्यंतची शाळा उर्दूत झालेली. त्यांनी चाचांना एक जुना शेर म्हणून दाखवला आणि मधेच विसरले, तो चाचांनी पुरा केला. मी मात्र तास बुडवून खिडकीतून त्यांच्याकडं बघत होते.

त्या वर्षी ईदला चाचांनी मला लोहाऱ्याला घरी बोलावलं. शीरखुर्मा झाल्यावर त्यांच्या बायकोनं मला न्हाणीचं पत्र्याचं दार दाखवलं. आतून ते खडूनं भरलेलं होतं. इंग्रजी अक्षरं, एकेक वीस-वीस वेळा. रोज सकाळी इथं गिरवायचे आणि मग सायकल काढायचे, असं त्या म्हणाल्या. चाचा लाजून बाहेर निघून गेले.

आमची भिंत बघून आसपासच्या पाच-सहा शाळांनी त्यांना बोलावलं. शेवटच्या दोन ठिकाणी त्यांना कागदही लागला नाही. पुढं फ्लेक्स आले. तासाभरात छापून मिळणारी पाटी सोडून ब्रशची वाट कोण बघणार. त्यांच्याकडं दुकानांची कामं येईनाशी झाली, मग फक्त एसटीच्या पाट्या आणि दर्ग्याचा दरवाजा. तरी मी भेटले की तक्रार करायचे नाहीत. मुलं काय विचारतात ते मला विचारायचे.

मी त्या शाळेत अकरा वर्षं होते. मग बदली, मग आणखी एक बदली. आमची भिंत मी निघाल्यावर चार-पाच वर्षांनी गेली. व्हरांडा बुजवून दोन खोल्या वाढवल्या, आणि ते बरोबरच होतं, मुलं वाढली होती. मला ते एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनवर सांगितलं. ती आता उमरग्याला औषधाच्या दुकानात बसते. तिला सगळ्यात जास्त ते गुलाबी पाणी आठवतं, म्हणाली. सर त्याआधीच गेले होते.

चाचांचा दर ईदला फोन यायचा. तीन वर्षांपूर्वी फोन आला तेव्हा आवाज त्यांच्या मुलीचा होता. मी त्याच दिवशी गाडीत बसले. घरात बायका बसल्या होत्या. मला जागा करून दिली. त्यांच्या बायकोनं माझा हात धरला आणि शेजारणीला माझी ओळख करून देताना म्हणाल्या, ह्यांच्याच भिंतीच्या गोष्टी सांगत असायचे.  अंगणात त्यांची सायकल उभी होती. नातवानं तिला नवी सीट बसवली होती.

चार वाजता मी निघाले. मुलीनं बसस्टँडपर्यंत सोबत केली. गाडीला उशीर होता, तर तिनं मला तिच्या पोरीच्या दहावीबद्दल विचारलं, गणित जड जातंय म्हणाली. मी म्हटलं, सुट्टीत तुळजापूरला पाठव माझ्याकडं. ती मुलगी आली, मेभर राहिली. सकाळी गणित, संध्याकाळी माझ्या आईला मोबाइल शिकवणं. जाताना आईनं तिला साडीचोळी केली, आणि ती नेसता येत नाही म्हणून दोघी अर्धा तास आरशासमोर हसत होत्या.